जसंच्या तसं

मराठी भाषेत 'जसंच्या तसं' या शब्दाइतका थापाड्या शब्द दुसरा नसेल. ज्याला म्हणून गोष्टीला तिखटमीठ लावायचं असतं, तो आधी 'मी आपलं जसंच्या तसं सांगतो हं' एवढं म्हणून घेतो आणि मग मोकळा होतो. आमच्या सौभाग्यवती आपल्या बहिणीकडचं भांडण मला जसंच्या तसं सांगतात, तेव्हा त्यात मूळ भांडणात नसलेली निदान दोन माणसं तरी भांडून जातात. शेजारचे नाना डॉक्टरांचं म्हणणं जसंच्या तसं सांगतात आणि त्यात डॉक्टर नेहमी 'नाना, तुमची प्रकृती म्हणजे कमाल आहे' असं म्हणत असतात. एरवी तोंड न उघडणारा तो डॉक्टर नानांच्या तोंडून इतकं बोलतो, की त्याची फी कमीच वाटावी.

पण मला कुणाला हसायचा अधिकार नाही. या बाबतीत मी पट्टीचा गुन्हेगार आहे. एका सरकारी कचेरीत राजपत्रित अधिकारी म्हणून मी अकरा वर्षं काढली. राजपत्रित अधिकारी म्हणजे कोण, तर ज्याच्या टेबलावर गोल शिक्का असतो आणि कॉलेजप्रवेशाच्या दिवसांत ज्याच्या घराची बेल रविवारी सकाळीही वाजते तो. पोरं गुणपत्रिकांच्या नकला घेऊन यायची. मी त्यांवर 'सत्यप्रत' असा शिक्का उमटवायचा, 'मूळ प्रतीशी ताडून पाहिले' असं लिहायचं आणि खाली सही ठोकायची. आता मी ताडून काय पाहायचो? तर पोरगं कुणाचं आहे ते. मूळ प्रत पिशवीत आहे एवढं दिसलं की माझी खात्री पटे. पिशवीही नसली, तर पोराच्या चेहऱ्यावरून पटे. अशा हजारो सत्यप्रती माझ्या सहीनं जगात हिंडताहेत, आणि आजवर कुणी तक्रार केली नाही, म्हणून मी स्वतःला सत्यवादी समजत आलो.

त्या सत्याचा हिशेब निवृत्तीनंतर, आणि तोही वडिलांच्या निमित्तानं चुकता करावा लागेल, असं काही मला वाटलं नव्हतं.

आमचे अण्णा मराठीचे शिक्षक. पस्तीस वर्षं त्यांनी लाल पेन्सिलीनं पोरांची वेलांटी सरळ केली. वर्गात त्यांचा एक नियम होता : चूक झाली तर गिरवायची नाही, रबरानं कागद फाडायचा नाही, एक सरळ रेघ मारायची आणि पुढं बरोबर लिहायचं. काय चुकलं होतं तेही दिसलं पाहिजे, म्हणायचे. घरातही हाच कायदा. दुधाच्या हिशेबात चूक झाली तरी वहीत अशी देखणी रेघ असे, की बरोबर आकड्यापेक्षा चुकीचा आकडाच सुबक दिसे.

१९९८ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, अण्णांनी जावयाच्या ऑफिसातून मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर मिळवला आणि आठवणी लिहायला बसले. शाळेच्या कचेरीत मराठी टंकयंत्र बडवायची सवय होतीच. टंकयंत्राचाच कळफलक असलेला एक फाँट कुणीतरी त्यांना घालून दिला. रोज सकाळी पूजा, मग पेपर, मग टकटक. वर्षभरात एकशे चाळीस पानं झाली. 'मी गेल्यावर वाचा,' म्हणाले. २००४ साली ते गेले. आणि आम्ही, आज्ञाधारक मुलं, वीस वर्षं वाचलं नाही.

फ्लॉपीवरचा तो मजकूर कुणी सीडीवर घेतला, सीडीवरून कुणी पेनड्राइव्हवर घेतला. काशीचं गंगाजल तांब्यातून गडूत आणि गडूतून बाटलीत जावं, तसा तो घरातल्या घरात फिरला. सील मात्र कुणी फोडलं नाही. २०२५ हे अण्णांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. पुस्तक छापायचं ठरलं. मी पेनड्राइव्ह लावला, फाइल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि कंस-स्वल्पविरामांची अशी काही खिचडी उतरली, की अण्णा शेवटी शेवटी तांत्रिक साधना करत होते की काय, अशी शंका यावी.

अशा वेळी मी चिमीला फोन करतो. चिमी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. एका प्रकारच्या कागदपत्राचं दुसऱ्या प्रकारच्या कागदपत्रात रूपांतर करणारी सॉफ्टवेअरं लिहिणं आणि त्यांतल्या चुका काढणं, हा तिचा पोटाचा धंदा. वर सुट्टीच्या दिवशी हेच काम ती हौसेनं, फुकट करते. आमच्या घराण्यात चुका काढायची हौस सगळ्यांना आहे. तिचा पगार मिळवणारी ही पहिलीच.

ती आली, पाहिलं आणि म्हणाली, "मामा, यात मराठी कधी नव्हतीच."

मी म्हटलं, "अगं, अण्णांनी माझ्यासमोर लिहिलंय."

"लिहिलंय. पण कॉम्प्युटरला ते मराठी आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं."

मग तिनं मला समजावून दिलं. त्या काळचे असले फाँट म्हणजे बहुरूप्याचा कारभार. अण्णा इंग्रजी 'डी'ची आणि 'के'ची कळ दाबत. कॉम्प्युटर आपल्या वहीत इमानानं 'डी' आणि 'के' असंच टिपून ठेवी. फाँट मात्र पडद्यावर 'डी'च्या जागी 'क'चं चित्र काढी आणि 'के'च्या जागी काना. आपल्याला दिसे 'का'. म्हणजे जुन्या संगीत नाटकातली नायिकाच ती. फाँटाचा शालू अंगावर आहे तोवर सुभद्रा. रंगपटात शालू उतरला की बाकावर बसून विडी ओढणारा गृहस्थ. वीस वर्षांत शालू हरवला होता आणि माझ्यासमोर तो गृहस्थ बसला होता.

बरं, शालूही एक नव्हता. फाँट करणाऱ्या प्रत्येकाची मांडणी निराळी. सगळ्यांनी एकच क्रमांक वापरावेत म्हणून 'इस्की' नावाचं भारतीय मानक १९९१ साली निघालं होतं, आणि जगातल्या लिप्यांना एका छत्राखाली आणणाऱ्या 'युनिकोड'ची पहिली आवृत्तीही त्याच सालची. म्हणजे अण्णा टंकत होते तेव्हा कायदा होऊन सात वर्षं झाली होती. पण आपल्याकडे कायदा होणं आणि तो घरात येणं, यांत हुंड्याच्या कायद्याइतकं अंतर असतं.

चिमीनं एक प्रोग्राम लिहायला घेतला : जुन्या फाँटातला मजकूर घ्यायचा आणि युनिकोडमध्ये द्यायचा. मला वाटलं, 'डी' दिसला की 'क' लिहायचा, संपलं. कसलं काय! पहिला फटका दिला तो ऱ्हस्व वेलांटीनं. आपण 'कि' लिहितो तेव्हा कागदावर वेलांटी 'क'च्या आधी उभी दिसते. जुना फाँट डोळ्यांचं ऐकायचा. आधी वेलांटी, मग अक्षर. युनिकोड कानांचं ऐकतं. तोंडातून आधी 'क' निघतो आणि मग 'इ', तेव्हा नोंदही त्याच क्रमानं. रफाराचं बरोबर उलटं. डोळ्यांना तो अक्षराच्या माथ्यावर मागाहून आलेला दिसतो, कानाला आधी ऐकू येतो. तेव्हा प्रोग्रामनं प्रत्येक वेलांटीला उचलून मागं न्यायचं आणि प्रत्येक रफाराला पुढं आणायचं. साध्या अक्षराला हे जमलं. जोडाक्षर आलं की वेलांटी अर्ध्याच अक्षरावर उतरून बसायची. गाव यायच्या आधी वळणावरच एस्टीतून उतरलेल्या म्हाताऱ्यासारखी. अण्णांच्या साऱ्या आठवणींत एकही 'स्थिती' धड राहिली नाही.

दुसरा फटका दिला आपल्या मराठमोळ्या 'ऱ्य'नं. प्रोग्रामला 'ऱ्य' आणि 'र्य' यांतला फरक कळेना. आता अण्णांच्या मुंजीत आचाऱ्यांना भांग चढल्याचा एक प्रसंग आहे. तो वाचतो तर 'आचार्यांना भांग चढली आणि ते बुंदीच्या कढईशी गाऊ लागले'! सिंहगडावर गेले तर दोन्ही बाजूंना 'खोल दर्या'. म्हणजे सिंहगडाचा सिंधुदुर्ग झाला. मी चिमीला कळवलं. तिनं दुरुस्ती पाठवली. मुंजीतले आचारी जागेवर आले, पण ज्या पाठशाळेत अण्णा संस्कृत शिकले तिथल्या आचार्यांची मात्र सरसकट 'आचाऱ्यांनी' अशी रवानगी झाली. पहिल्या खेपेला स्वयंपाकी विद्वान झाले होते, दुसऱ्या खेपेला विद्वान स्वयंपाक करू लागले. तिसऱ्या खेपेला तिनं दोन्ही चिन्हं निरनिराळी हेरली, तेव्हा कुठं पंगत आणि पाठशाळा वेगळ्या झाल्या.

तिसरा घोटाळा अण्णांच्या पदवीचा. नावापुढं त्यांनी 'बी. ए.' ही अक्षरं खऱ्या इंग्रजी फाँटात टंकली होती. प्रोग्राम फाँट बघतच नव्हता. त्यानं 'बी' दिसला, की आपल्या तक्त्यातला 'ठ' काढून दिला. पन्नास वर्षं मिरवलेल्या पदवीचा 'ठ' झाला! मी हसलो, चिमी हसली नाही. "मामा, प्रत्येक तुकडा कुठल्या फाँटात आहे ते बघायला हवं," म्हणाली आणि रात्री जागून तीही दुरुस्ती केली.

मला तेव्हा 'ध चा मा' आठवत होता. १७७३ साली नारायणराव पेशव्यांना 'धरावे' अशा हुकुमातल्या 'ध'चा कुणी 'मा' केला आणि पेशव्यांचा जीव गेला, अशी गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. त्या गोष्टीत निदान कुणाचा तरी हेतू वाईट असतो. या प्रोग्रामचा हेतू गाईसारखा शुद्ध, आणि पानोपानी 'ध'चे 'मा'! हेतूवरून पापपुण्य ठरवायचं तर आमच्या घरी एकही पाप घडलं नव्हतं. फक्त अण्णा तेवढे नाहीसे होत होते.

मी हे तत्त्वज्ञान चिमीला ऐकवलं, तेव्हा ती म्हणाली, "मामा, या धंद्यात तत्त्वज्ञ आहेतच." आणि तिनं मला 'पॅनडॉक' नावाच्या प्रोग्रामची हकिगत सांगितली. डझनावारी प्रकारची कागदपत्रं या रूपातून त्या रूपात नेणारा हा प्रोग्राम २००६ साली सुरू केला जॉन मॅकफार्लेन या गृहस्थांनी. हे कोण? तर कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलेला, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. मला मोठा आनंद झाला. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाच्या हातून लोकांच्या उपयोगाचं काही घडल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

त्या प्रोग्रामची रीतही तत्त्वज्ञाला शोभेशी आहे. आलेल्या कागदाचं तो आधी मनाशी सार काढतो : हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी, हा शब्द ठासून सांगितलेला. मग ते सार नव्या रूपात मांडतो. आणि त्याच्या माहितीत हेही स्वच्छ कबूल केलेलं आहे, की कागदाची रचना आम्ही जपायचा प्रयत्न करू. समास किती बोटं सोडला होता असल्या तपशिलांचा भरवसा धरू नका. जुनी वस्त्रं टाकून नवी ल्यावीत तसा आत्मा देह बदलतो, हे आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. ऐकायला सोपं आहे. पण वस्त्र कुठलं आणि आत्मा कुठला, हे ठरवायचं कुणी? समास म्हणजे वस्त्र, हे मान्य. मथळ्याची शाई वस्त्र, तेही मान्य. टिंब?

टिंबाचा प्रश्न खरोखरच उभा राहिला. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि मराठीतली न उच्चारली जाणारी टिंबं गेली. अण्णांनी वर्गात नवे नियम शिकवले. स्वतःच्या आठवणी मात्र ते जुन्या वळणानंच लिहीत गेले. 'नाहीं', 'कांहीं', 'घरीं'. पानावर टिंबांचा नुसता पाऊस. चिमी म्हणाली, "मामा, ही सगळी एका झटक्यात काढता येतील. वाचायला सोपं होईल. काढू?"

मोह मोठा होता. पण मला एकनाथमहाराज आठवले. ज्ञानेश्वरीच्या नकला करणाऱ्यांनी तीनशे वर्षांत तिच्यात पुष्कळ 'ध'चे 'मा' करून ठेवले होते. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती जमवून पाठ शुद्ध केला, आणि वर पुढच्यांना तंबी दिली, की यात कुणी आपल्या पदरची ओवी घालू नये. चुका काढणाऱ्यांचा कुलपुरुष शोभावा असा माणूस. नाथ स्वतः केवढे कवी! मनात आणलं असतं तर एकेक ओवी सुधारून दिली असती. त्यांनी नकलाकारांची चूक काढली आणि ज्ञानेश्वरांना हात लावला नाही. आम्हीही तोच नियम केला : यंत्राची चूक असेल ती काढायची, अण्णांची असेल ती ठेवायची. टिंबं राहिली.

नियम करून आम्ही इतके खूश झालो, की मी पहिल्या पानावर एक टीप लिहिली : 'हा मजकूर मूळ प्रतीशी ताडून पाहिला आहे.' खाली सही. हाताला सवय, दुसरं काय!

ताडून पाहिलं नव्हतं, हे तुम्ही ओळखलंच असेल. मी वाचलं होतं. आचारी, दर्या आणि पदवी हसून हसून दुरुस्त केली होती. जिथं वाक्य वेडंवाकडं दिसलं तिथं मी थांबलो. जिथं ते नीट दिसलं तिथून पुढं गेलो. वेडी चूक पकडायला अक्कल लागत नाही. शहाण्या वेषात आलेली चूक मात्र पहारेकऱ्याचा सलाम घेऊन आत जाते.

कच्ची छपाई करून एक प्रत सांगलीला बापूकाकांना पाठवली. बापूकाका अण्णांचे धाकटे भाऊ, वय त्र्याण्णव, दृष्टी अधू, पण भिंग घेऊन रोज दहा पानं वाचणारे. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. "अरे, त्या मुंजीतल्या आचाऱ्याचं नाव अण्णा विसरला बघ." असं सहा दिवस चाललं. सातव्या दिवशी फोन आला नाही. आठव्या दिवशी मीच केला. "वाचतोय," म्हणाले आणि ठेवला. आठवडाभरानं चुलतभावाची बायको हळूच म्हणाली, "भावजी, काय लिहिलंय हो एकसष्टाव्या पानावर? मामंजी तेवढंच पान उघडून बसतात."

मी एकसष्टावं पान काढलं. १९५६ साल, आजीचं शेवटचं दुखणं. अण्णांचा पगार मास्तराचा, औषधं मिरजेची. बापूकाका तेव्हा मुंबईत नोकरीला लागले होते. आणि मधेच दोन वाक्यं : 'आईच्या दुखण्यांत बापूनें एक पैसाही पाठविला नाहीं. हें मी कधींही विसरणार नाहीं.'

टिंबं सगळी जागच्या जागी होती. वाक्यं मी आधीही वाचली असणार. नीट होती, म्हणून पुढं गेलो असणार.

पण अण्णांच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं. दर दिवाळीला दोघं भाऊ आमच्या ओसरीवर पत्ते कुटायचे. मनात हे ठेवून माणूस चाळीस वर्षं पत्ते खेळला? आणि मेल्यावर वीस वर्षांनी, त्र्याण्णवाव्या वर्षी भावाला हे वाचायला लावलं?

मी चिमीला म्हटलं, "मला मूळ दाखव. अण्णांच्या पडद्यावर दिसायचं तसं." तिनं कुठूनसा तो जुना फाँट पैदा केला, मूळ फाइल त्यात उघडली आणि एकसष्टावं पान समोर आणलं. दोन्ही वाक्यं होती. आणि दोन्हींच्या मधोमध एक सरळ रेघ होती. अण्णांची. वहीतल्यासारखी सुबक.

चिमीचा चेहरा उतरला. तिच्या प्रोग्रामनं अक्षरं घेतली होती, फाँट बघितला होता, रेघेकडं पाहिलंच नव्हतं. "मामा, तसा हा बग नाही," ती पुटपुटली, "खोडलेल्या मजकुराला आपण सपोर्टच दिला नव्हता." मला माझी कचेरी आठवली. आमच्याकडंही चूक कधी होत नसे. तशी तरतूद नसे. मी तिला काही बोललो नाही. तिनं रेघ पाहिली नाही म्हणावं, तर तिनं 'ताडून पाहिले' असं कुठं लिहून दिलं नव्हतं. ते मी दिलं होतं.

अर्ध्या तासात प्रोग्राम रेघा ओळखायला शिकला. फाइलीच्या पोटात 'हा तुकडा खोडलेला आहे' अशी चार अक्षरांची खूण असते. ती वाचायची, एवढंच काम. आता खरा प्रश्न आला, आणि तो कुठल्याही प्रोग्रामला विचारण्यासारखा नव्हता. रेघ सापडली. ओळीचं काय करायचं?

सौभाग्यवती म्हणाल्या, "त्यात काय विचारायचं? खोडलंय ना? मग काढून टाका. काकांचा जीव कशाला दुखवायचा?" चिमी म्हणाली, प्रोग्रामात तिन्ही सोयी देता येतील : खोडलेलं वगळा, खोडलेलं परत आणा, किंवा रेघेसकट ठेवा. काय ते मामांनी सांगावं. यंत्राचा हा मोठेपणा असतो; अडचण आली की ते आपल्याला स्वातंत्र्य देतं.

मी रात्रभर विचार केला. अण्णांना पुसता येत नव्हतं असं म्हणावं, तर पुसायची कळ ते रोज दाबत. नको ते वाक्य एका बोटानं नाहीसं झालं असतं. रेघ मारायची तर आधी मजकूर निवडायचा, मग वरच्या यादीत शिरून ते चिन्ह शोधायचं, मग दाबायचं. त्र्याहत्तर वर्षांच्या मास्तरानं एवढी खटपट कशासाठी केली? रागाचं वाक्य पुसून टाकलं असतं तर राग कधी आलाच नव्हता, असं झालं असतं. आणि ते खोटं होतं. तसंच ठेवलं असतं तर राग अजून आहे, असं झालं असतं. तेही खोटं होतं. आला होता आणि गेला, एवढंच सांगायचं होतं. त्याला मराठीत शब्द पुष्कळ आहेत, पण मास्तरांना रेघच येत होती. काय चुकलं होतं तेही दिसलं पाहिजे.

म्हणजे एकसष्टाव्या पानावरचं महत्त्वाचं अक्षर ती रेघ होती. बाकी एकशे चाळीस पानांतली टिंबन्‌टिंब आम्ही जपली, आणि नेमकं तेवढं टाकलं. कारण रेघ आम्हाला वस्त्र वाटली.

पहाटेची गाडी पकडून मी आणि चिमी सांगलीला गेलो. बापूकाका ओसरीवर बसले होते. मी नवं पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ ते भिंग त्या दोन ओळींवरून डावीकडून उजवीकडं आणि उजवीकडून डावीकडं फिरत राहिलं.

"ही रेघ त्यानं मारलीय?"

"हो काका."

"की मला बरं वाटावं म्हणून तुम्ही मारलीत?"

सत्यप्रतींच्या अकरा वर्षांत हा प्रश्न मला एकानंही विचारला नव्हता. चिमीनं लॅपटॉप उघडला. मूळ फाइल, जुना फाँट, एकसष्टावं पान. एका मांडीवर कागद, एका मांडीवर लॅपटॉप. मी ओळीवर बोट ठेवून वाचत गेलो आणि काका भिंगातून ताडत गेले. टिंबाला टिंब, रेघेला रेघ. मूळ प्रतीशी ताडून पाहणं म्हणजे काय असतं, ते मी साठी उलटल्यावर शिकलो, आणि शिकवलं ते ज्याला दिसत नाही अशा माणसानं.

काकांनी भिंग खाली ठेवलं.

"नव्हते पाठवले," ते म्हणाले. "होते जवळ. तरी नव्हते पाठवले." मग थोड्या वेळानं, "छाप तसंच. रेघेसकट छाप."

चिमीला त्यांनी जवळ बोलावलं, पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "तुझ्या त्या यंत्राला रेघ दिसते ना आता? कायमची?"

"दिसते, आजोबा."

"झालं तर मग," म्हणाले. आणि आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, "अगं, चहा टाका. आणि त्या आचाऱ्याचं नाव आठवलं मला."

पुस्तक छापायला गेलं. पहिल्या पानावरची माझी टीप आणि सही मी काढली नाही. आता ती ठेवायला हरकत नव्हती. चार दिवसांनी छापखान्यातून फोन आला. पोरगा मोठा तत्पर होता.

"साहेब, पान एकसष्टवर दोन ओळी चुकून खोडलेल्या राहिल्यात. काढून टाकू?"

"नको," मी म्हटलं. "राहू द्या. जसंच्या तसं."